रिकाम्या सोफ्याचे माप

एकदा एका घरात नवा सोफा आला आणि घरातली माणसे खाली बसू लागली. ऐकायला हे चमत्कारिक वाटेल. पण ज्यांच्या घरी नवा सोफा येऊन गेला आहे, त्यांना त्यात नवल वाटणार नाही. ते आपल्या बैठकीच्या खोलीकडे एकवार पाहतील आणि मुकाट्याने पुढे वाचतील.

हे घर कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी होते. घरच्या सुनेचे नाव वैजयंता. वय चाळिशीच्या अलीकडे, हात चपळ, नजर बारीक आणि स्वभाव कमालीचा टापटिपीचा. तिच्या माहेरी नऊ माणसांत मिळून एक बाज होती आणि त्या बाजेवर बसण्याची तिची पाळी लग्न होईपर्यंत आलीच नाही. त्यामुळे तिच्या नवऱ्याने, हणमंताने, टेम्पोतून सायीच्या रंगाचा सोफा घरी आणला तेव्हा ती दारातच रडली. तो आनंद खरा होता. त्याला कुणी हसू नये.

सोफा आला आणि त्याची काळजीही आली. सायीचा रंग म्हणजे बोट लागले तरी दिसणार. आधी त्यावर एक जुनी चादर पडली. चादर सरकते म्हणून ती चहूबाजूंनी खोचली जाऊ लागली. कुणी बसून उठले की वैजयंता उठून चादर ओढून सारखी करी, सुरकुती काढी, उशी थापटून जागच्या जागी ठेवी. ती कुणाला काही बोलत नसे. फक्त सारखे करी. पण दहा वेळा कुणी आपल्या मागे सारखे केले, तर अकराव्या वेळी माणूस बसताना विचार करतो. हणमंता जेवून झाले की भिंतीला टेकून बसू लागला. त्याला ते चालत होते. त्याला बहुतेक सगळेच चालत असे.

चादरीने भागेना, तेव्हा वैजयंतेने ठरवले की सोफ्याला अंगाबरोबर बसणारे कापडी कव्हर शिवायचे. गेले वर्षभर ती शिवणवर्गाला जात होती, आणि वर्षाअखेरीस प्रत्येकीने आपल्या घरासाठी एक वस्तू शिवून बाईंना दाखवायची, असा तिथला नियम होता.

या बाई वृद्ध होत्या. त्यांचे नाव गावात फारसे कुणाला ठाऊक नव्हते. सगळे त्यांना ‘शिवणाच्या बाई’ म्हणत. चाळीस वर्षे त्यांनी गावातल्या लेकीसुनांना सुई धरायला शिकवले. त्यांची परीक्षेची एक रीत होती. कुणी झंपर शिवून आणला की त्या त्याची शिवण पाहण्याआधी तो अंगात घालायला लावत, आणि मग त्या मुलीला वरच्या फळीवरचा डबा काढायला सांगत, खाली वाकून केर काढायला सांगत. “उभ्या माणसाला कुठलाही कपडा बसतो,” असे त्यांचे म्हणणे. वैजयंतेने वर्षभर त्यांच्यासमोर पुष्कळ डबे काढले होते आणि पुष्कळ केर काढला होता. पण सोफा काही डबा काढत नाही. त्यामुळे या वेळी ती रीत आपल्याला लागू आहे, हे तिच्या मनातही आले नाही.

त्याच दिवसांत त्या घरात आणखी एक गोष्ट चालली होती, आणि ती कव्हरापेक्षा फार मोठी होती. वैजयंतेचे सासरे, आबा, घर सोडून चालले होते.

आबांनी एकतीस वर्षे एसटी चालवली होती. निवृत्त झाल्यावर ते आणि सासूबाई डोंगराकडच्या आपल्या गावी राहत. मागच्या वर्षी सासूबाई भर दुपारी परसात पडल्या. आबा तेव्हा दळण आणायला गेले होते. ते परत येईपर्यंत बाईमाणूस तिथेच पडून होते, कारण आजूबाजूच्या घरांना कुलपे लागून वर्षे झाली होती. त्यानंतर त्या चारच दिवस होत्या. आबांना एकटे ठेवायचे नाही, असा हट्ट हणमंताने नव्हे, वैजयंतेने धरला. तीच गावी जाऊन त्यांचे कपडे भरून त्यांना घेऊन आली. सहा महिने झाले त्याला. आणि आता आबा म्हणत होते की रविवारच्या गाडीने मी परत जातो.

“आबा, आमचं काय चुकलं का?” हणमंताने विचारले.

“छ्या, चुकतंय कशाला? तिकडं जरा मोकळं वाटतं, एवढंच,” आबा म्हणाले आणि हसले.

त्या हसण्यापुढे कुणाचे काही चालेना. गुडघा दुखतो, औषध कोण देईल, रात्री-अपरात्री हाक कुणाला माराल, हे सगळे बोलून झाले. आबा प्रत्येक गोष्टीला मान हलवत आणि शेवटी रविवारवरच येत. हणमंताचे जेवणावरचे लक्ष उडाले. वैजयंता मशीनवर बसली की तिला परसातली ती जागा डोळ्यांसमोर दिसे आणि ती पाय जोरात चालवी. आपण या माणसाला हट्टाने आणले आणि आपल्याला त्याला सांभाळता आले नाही, हे तिच्या मनाला फार लागले होते. नक्की काय कमी पडले, हे मात्र तिला उमगत नव्हते.

मंगळवारी कव्हर पूर्ण झाले. कापड जाड सुती, चिंचोक्याच्या रंगाचे. ते तिने आधी पाण्यातून काढले होते, म्हणजे पुढे आटायला नको. सोफ्याची पाठ, बैठक, दोन्ही हात, खालची झालर यांची मापे तिने तीन-तीनदा घेतली होती. कव्हर चढवले तेव्हा ते ताशाच्या कातड्यासारखे ताठ बसले. कुठे एक सुरकुती नाही. शेजारची एक बाई नुसती पाहून “अगंबाई, दुकानातलंच की!” म्हणून गेली. वैजयंतेने बाईंना निरोप धाडला.

बाई दुपारी आल्या. पाणी प्यायल्या. चष्मा पुसून त्यांनी शिवणीवरून बोट फिरवले. उलट बाजू उचलून टाका पाहिला. झिप ओढून पाहिली. वैजयंता पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

“चहा ठेवू का, बाई?”

“ठेव की.”

चहा उकळेपर्यंत घरातली गोष्ट निघालीच. वैजयंतेने स्वयंपाकघरातूनच सांगितले, आबा रविवारी चाललेत म्हणून. बाईंनी गॅलरीकडे पाहिले. तिथे दाराशी एका प्लास्टिकच्या स्टुलावर आबा बसले होते, पाय लांब करून, दुखरा गुडघा चोळत.

“ते तिथंच बसतात का?”

“हो. त्यांना स्टूलच बरं वाटतं. वारा लागतो ना.”

वैजयंता चहाचे कप घेऊन बाहेर आली, तेव्हा त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. त्या सोफ्यावर चढल्या. सत्तर ओलांडलेल्या त्या म्हातारीने पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली, पाठ मागे टेकवली, अंग सैल सोडले आणि कुशीवर वळल्यासारखे करून एक कोपर सोफ्याच्या हातावर जोराने रेलले. सोफा करकरला. आणि मग बैठक आणि पाठ जिथे जुळते तिथली शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत टरकन उसवली.

वैजयंतेने कप तिथेच खाली ठेवले. तीन आठवड्यांचे काम होते ते. तिचे डोळे भरून आले आणि खरे सांगायचे तर तिला त्या क्षणी बाईंचा रागही आला. गुरू झाल्या म्हणून काय झाले, इतक्या दांडगाईने कुणी बसते का!

बाई मात्र उसवलेल्या जागेत बोटे घालून शांतपणे पाहत होत्या. “शिवण छान आहे तुझी. दोरा तुटलेला नाही बघ, कापड ओढून निघालंय. माप चुकलं.”

“बाई, माप कसं चुकेल? तीनदा घेतलं मी. अर्धा इंच इकडचा तिकडे नाही.”

“घेतलंस तेव्हा सोफ्यावर कोण होतं?”

“कोण असणार? रिकामा होता.”

“मग ते रिकाम्या सोफ्याचं माप झालं,” बाई म्हणाल्या. “आण टेप. आणि आबांना जरा आत बोलाव.”

वैजयंतेला काही कळेना. पण वर्षभरात बाईंना प्रश्न विचारण्यापेक्षा सांगितले ते करावे हे ती शिकली होती. तिने आबांना हाक मारली. आबा आत आले, उसवलेले कव्हर पाहून दारातच थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती दिसली, जणू ते त्यांनीच उसवले होते.

“या, आबा. बसा इथं,” बाई उठून बाजूला झाल्या. “तुमची सून माप घेणारे.”

“माझं? अवो, मला काय आता कोट शिवताय व्हय?”

“बसा तर खरं.”

आबा बसले. म्हणजे टेकले. सोफ्याच्या अगदी काठावर, दोन बोटे जागेत, गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून. पाठ कुठे लागलेली नाही, कोपर कुठे लागलेले नाही. पेन्शनीच्या कचेरीत साहेबांपुढे माणूस बसतो तसे.

वैजयंता टेप घेऊन गुडघ्यांवर बसली आणि तिचा हात थांबला. काय मोजायचे? माणूस बसला होता, पण बैठकीचा कापूस तिळभरही दबला नव्हता.

“आबा, तुम्ही असेच बसता?” बाईंनी विचारले.

“सोफ्यावर व्हय? असंच.” आबा अवघडून हसले. “नवं हाय नव्हं ते. मळंल. आन् मागं टेकलं की चुरगळतंय. मग ही पोर बिचारी हातातलं काम टाकून सारखं करत बसती. किती येळा करंल? आपल्यापायी तिला ताप कशाला, म्हणून मी आपला स्टुलावरच बरा.”

त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर वैजयंतेला उत्तर देता आले असते. सहा महिन्यांतल्या सगळ्या दुपारी तिच्यापुढून गेल्या. आबा उठत, ती लगेच येऊन चादर ओढी. आबा पेपर वाचत, ती त्यांच्या कोपराखाली नॅपकिन सरकवी. एकदाही तिने तोंडाने ‘बसू नका’ म्हटले नव्हते, आणि एकदाही तिच्या हातांनी दुसरे काही सांगितले नव्हते. या घरात आबांना टेकायला जागा नव्हती, आणि तिकडच्या ओस गावात त्यांना मोकळे वाटत होते ते याचसाठी. तिला अतिशय लाज वाटली. मान वर करवेना.

बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. त्यांचे गुडघेही काही तरुण नव्हते.

“वैजयंता, ऐक,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “वस्तू रिकामी असताना कापड तिला बेतून घातलं, की ती सुंदरच दिसते. मलाही आवडलं ते बघून. पण माणूस बसला की बैठक खाली जाते, पाठ मागे सरते, हात बाहेर फाकतात. त्याचं सगळं वजन तिथं येतं, आणि त्या वजनासाठी कापडात आधीच जागा ठेवावी लागते. मागच्या फटीत सहा बोटं कापड खुपसायला ठेवायचं, ते दिसत नाही कुणाला. माणूस बसला की ते आपसूक वर येतं, उठला की परत जातं. तू सोफा जपलास यात वाईट काही नाही गं. कष्टानं आलेली वस्तू कोण जपत नाही? पण तू त्याचं माप घेताना, ज्यांच्यासाठी तो घरात आला त्यांनाच बाहेर बसवलंस. आता आबांना बसव. ते कसे बसतात ते आधी बघ. मग टेप लाव.”

एवढे बोलून बाई थंड झालेला चहा पिऊ लागल्या.

वैजयंतेने नाक ओढले. मग तिने दोन्ही हात आबांच्या गुडघ्यांवर ठेवले. इतक्या वर्षांत असे तिने कधी केले नव्हते.

“आबा, मागं सरका. पार मागं. गाडी चालवताना बसायचा ना, तसं बसा बघू.”

“आगं, तसं कसं बसू? पाक वाट लागंल सोफ्याची.”

“लागू द्या. मला माप घ्यायचंय.”

आबांनी एकदा बाईंकडे पाहिले. बाईंनी मान डोलावली. मग आबा मागे सरले. अर्धे अंग आत गेल्यावर त्यांच्या तोंडून “हां” असा सुस्कारा निघाला, आणि त्यांचे उजवे कोपर आपोआप उचलून सोफ्याच्या हातावर गेले, तिथून चांगले वीतभर बाहेर. एकतीस वर्षे ते कोपर गाडीच्या खिडकीवर असेच टेकलेले असायचे. दुखरा पाय त्यांनी उचलून वर घेतला आणि दुसऱ्या मांडीखाली दडपला.

“असं बसतो मी,” आबा म्हणाले, जरा लाजून.

“हलू नका,” वैजयंता म्हणाली आणि तिने टेप लावली. बैठक साडेतीन इंच खाली गेली होती. उजव्या हाताला डाव्यापेक्षा पाच इंच जास्त कापड लागणार होते. तिने एकेक आकडा वहीत लिहिला. माप घेता घेता तिने विचारले, कोपर असे बाहेर ठेवून पाऊस लागायचा नाही का? मग आबा सांगू लागले. घाटातला पाऊस, एका बाजूची बाही कायम ओली, सासूबाई त्या एकाच बाहीवरून त्यांना रोज बोलत, ते सगळे. सहा महिन्यांत ते इतके बोलले नव्हते. माप केव्हाच घेऊन झाले होते, तरी वैजयंता टेप धरून ऐकत बसली. बाई कधी निघून गेल्या ते दोघांनाही कळले नाही.

त्यानंतरचे चार दिवस मशीन चालू होते. तिने सगळे उसवले. मूळ कापड पुरेना आणि त्याच रंगाचे दुकानात मिळेना. जे मिळाले ते एक छटा फिकट होते. दुसऱ्या कुठल्याही वेळी या एका छटेसाठी वैजयंता साताऱ्यापर्यंत गेली असती. या वेळी तिने तेच घेतले आणि उजव्या हाताला लावले. जवळून पाहिले तर जोड दिसत असे. दिसला तर दिसला.

रविवार उजाडला. आबांनी बेत बदललेला नव्हता. गाडी पावणेचारची होती. जेवणे झाली, त्यांची पिशवी दाराशी ठेवली गेली. हणमंता घड्याळाकडे पाहायचे टाळत होता. वैजयंतेने शेवटचा टाका घातला, दात लावून दोरा तोडला आणि कव्हर चढवले. ते काही ताशासारखे बसले नाही. मागच्या फटीजवळ जरा ढिले दिसत होते, उजव्या हाताला फुगीर. शेजारीण पाहून गेली आणि या वेळी काही म्हणाली नाही.

“आबा, गाडीला वेळ आहे अजून,” वैजयंता म्हणाली. “टेका जरा.”

आबा बसले. आधी काठावर. मग त्यांनी तिच्याकडे पाहिले. ती त्यांच्याकडे पाहतच नव्हती, दोरे गोळा करत होती. ते मागे सरले. पाय वर घेतला. कोपर बाहेर गेले, आणि तिथे त्याच्यापुरते कापड होते. कुठे काही ताणले नाही. वाजले नाही. पाच मिनिटांनी त्यांची मान कलली आणि ते घोरू लागले.

सव्वातीनला हणमंता त्यांना उठवायला पुढे झाला. वैजयंतेने त्याचा हात धरला. दोघे बाजूला जमिनीवर बसून राहिले. साडेतीन झाले. पावणेचार झाले. लांबून स्टँडवरच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. आबा एकदा चळवळले, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले आणि परत झोपले.

त्यांना जाग आली तेव्हा साडेचार वाजून गेले होते.

“आरं, गाडी?” ते दचकून उठून बसले.

“गेली,” वैजयंता म्हणाली.

“आन् उठवलं न्हाईस?”

“न्हाई.”

“का गं?”

वैजयंतेला वाटले होते की काहीतरी सबब सांगावी. पण तिचे डोळे भरून आले आणि तिच्या तोंडून खरे तेच निघाले. “सहा महिन्यांत पहिल्यांदाच टेकला होता, आबा. मला उठवायला जीव झाला न्हाई.”

आबांनी तिच्याकडे पाहिले. मग हणमंताकडे, मग दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे. मग त्यांनी पुन्हा मागे टेकून कोपर पसरले.

“मग आता चहा तरी टाक,” ते म्हणाले. “आन् ती पिशवी वाटंतनं उचल. कुणाचातरी पाय अडकंल.”

ही गोष्ट मला ज्यांनी सांगितली त्यांना मी विचारले की आबा मग पुढच्या गाडीने गेले का. ते म्हणाले, “कोण आबा? आमचे? ते काय, बसलेत की आत.” मी आत डोकावलो नाही. घरी आलो आणि आमच्या दिवाणावर आमच्यापैकी कोण कसे बसते, ते आठवू लागलो. एकाचेही आठवेना. आज संध्याकाळी नीट पाहणार आहे.